पुंजाजीबाबांची उभी झाडं

कोणी दारात आलं की लोक चहा विचारतात. पुंजाजीबाबा झाडं विचारायचे. "टाइम हाय का? चाल, माही झाडं पाहून येऊ." समोर बांगड्या विकणारा असो नाहीतर मतं मागायला आलेला पुढारी, बाबांचा प्रश्न एकच. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा जरा सरकलेला दिसतो. गावच्या माणसांना प्रश्न पाठ होता. बाबा समोरून येताना दिसले की कोणाला एकदम बैल आठवायचा, कोणाला चक्कीवरचं दळण.

हा प्रश्न त्यांच्या तोंडी कसा आला, ते मी जवळून पाहिलं. लग्न होऊन मी इंझोरीजवळच्या या गावात आले तेच वर्ष. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन पिकं घरात आली होती, आणि आमच्या बौद्ध वस्तीत विहार बांधायचं चाललं होतं. कोणी विटा दिल्या, कोणी अंगमेहनत. बाबा आमचे शेजारी, एकटे. बायको कधीच गेलेली, एकुलती मुलगी मानोऱ्याला दिलेली. त्यांनी बांधावरचे पाच साग दिले. स्वतः लावलेले, स्वतः पाणी घालून वाढवलेले. दारं, खिडक्या, वरची लाकडं, सगळं त्यातून व्हायचं होतं. तोडीच्या परवानगीच्या कागदांवर बाबांनी अंगठा दिला, काम एका ठेकेदाराकडे गेलं, आणि मुलगी बाळंत झाली म्हणून बाबा मानोऱ्याला गेले.

उद्घाटनाच्या दिवशी ते परतले. एसटीतून उतरले ते आधी शेतात गेले. आपल्या झाडांचे खुंट एकदा डोळ्यांनी पाहावेत, असं त्यांच्या मनात होतं. तिथून धुळीच्या पायांनी मांडवात आले, तर ठेकेदार माइकवर बोलत होता. "या विहारात जंगलातली एक काडी नाही! हा साग पुंजाजीबाबांच्या बांधावरचा. जंगल राखा, बांधावर झाडं लावा!" टाळ्या झाल्या. बाबांच्या गळ्यात हार पडला. तसेच ते माइकजवळ गेले आणि म्हणाले, "माही झाडं तं उभी हाएत."

लोक हसले. त्यांना वाटलं, बाबा थट्टा करताहेत. "हासून काय राह्यले? आत्ताच पाहून आलो. पाचही उभी हाएत." ठेकेदार मोठा हुशार. त्यानं बाबांचा खांदा धरला, "बाबांचं मन भरून आलं आहे," म्हणाला आणि पुढच्या पाहुण्याला हार घालायला लावला. आमचं नवं दार उन्हात चमकत होतं. इतकं सरळ, इतकं रुंद लाकूड, की बांधावरच्या झाडातून ते निघणारच नाही, हे मलासुद्धा तेव्हा कळलं.

परवानगी बाबांच्या झाडांची, कुऱ्हाड डोंगरावरच्या जुन्या जंगलात. विहाराला लागला तेवढा साग विहाराला आला. त्याच कागदावर आणखी किती गाड्या शहराकडे गेल्या, ते त्या डोंगरालाच ठाऊक. ठेकेदाराच्या आरागिरणीवर पाटी लागली: 'बांधावरचा साग, जंगलाला धक्का नाही'. शहरातले लोक ती वाचून निश्चिंत मनानं दारं करून घेत होते. इकडे आमच्या डोंगरामागच्या तांड्यातले दिवे आम्हाला पहिल्यांदाच दिसायला लागले. आधी मधे झाडी होती.

माझे सासरे संपतराव विहार समितीचे प्रमुख. बाबा त्याच संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"संपत, आपन रोज पंचशीलात म्हनतो, जे दिलं नाही ते घ्याचं नाही. हे दार आपल्याले कोनं देल्लं?"

"जंगल सरकारचं, सरकार आपलं. मंग चोरी कायची?"

"तसं असतं तं ठेकेदारानं माहं नाव काहून घेतलं असतं?"

सासरे चिडले. "बोभाटा केला तं जंगलखात्याचे लोक दार उपटून नेतीन. सारं गाव म्हनीन, पाहा, देवही चोरीच्या दाराआड बसवला यायनं. हे पायजे का तुले?"

सासऱ्यांची भीती खोटी नव्हती. आमच्या वस्तीकडे बोट दाखवायला गावात पुष्कळ बोटं तयार असायची. पण बाबा हटले नाहीत. हे दार परत करू, माझी झाडं तोडू, त्यांचं लाकूड लावू, एवढंच ते म्हणत होते. शेवटी सासरे म्हणाले, "आन परवानगी. मंग पाहू."

बाबा जंगलखात्याच्या कचेरीत गेले आणि तोंड पाडून परत आले. माझ्याकडे पाणी मागितलं आणि ओट्यावर बसले. "साहेब म्हने, बुवा, तुमच्या शेतात झाडं नाहीत. कागदावर तोडलेली हाएत. नसलेल्या झाडाची परवानगी कशी देऊ?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हनलं, मंग माहा बैल कोनाच्या सावलीत बसते?"

मला हसू आलं. तेही हसले. पण हसता हसता त्यांचा चेहरा कसनुसा झाला, तो मला अजून दिसतो.

तेव्हापासून ते झाडं विचारायला लागले. कोणीतरी बांधावर यावं, पाहावं आणि गावात येऊन सांगावं की झाडं आहेत, एवढीच त्यांची मागणी. आणि तेवढंच कोणी करेना. झाडं आहेत म्हटलं की दार चोरीचं ठरत होतं. वस्तीतल्या प्रत्येकानं त्या दारासाठी काही ना काही दिलेलं. बाकी गावाला ठेकेदाराशी वाकडं नको होतं. गावानं त्यांच्याशी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला निदान दोन माणसं लागतात. लोक गोड बोलायचे, पाणी द्यायचे, आणि झाडांचा विषय निघाला की उठायचे.

मी गेले होते. निंदायला त्यांच्या शेताजवळ गेले, तेव्हा दुपारी जाऊन आले. श्रावण होता, सागाला पांढरा तुरा आला होता. बाबांनी एक कोवळं पान माझ्या तळहातावर चोळलं, हात लालभडक झाला. "पाह्य, कागदावरच्या झाडाचा रंग," म्हणाले. घरी येऊन मी सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सुनबाई, तुह्या पाह्यल्यानं काई होत नाही." नव्या सुनेची साक्ष ती काय! बाबांना मी हे सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं असावं. पुन्हा त्यांनी मला झाडं विचारली नाहीत.

आणि काही वर्षांनी एका उन्हाळ्यात झाडं गेली. बाबा तापानं घरात पडून होते, तेवढ्यात कोणी तरी पाचही कापून नेली. जी झाडं नाहीतच, ती नेली तर चोरी कसली? हे गणित ठेकेदारानं केलं की दुसऱ्या कोणी, ते कळलं नाही. बाबांना तक्रारसुद्धा करता येईना.

तेव्हा मात्र सगळं गाव बांधावर आलं. बायका आल्या, पोरं आली. इतकी वर्षं ज्यांना बैल आणि दळण आठवत होतं, तेही आले. ओल्या खुंटांभोवती उभे राहून हळहळले. माझे सासरे वाकले, खुंटावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पुंजाजी, तुह्यं खरं होतं गड्या. झाडं होती."

बाबा घोंगडी पांघरून उभे होते. म्हणाले, "उभी होती तवा याले पायजे होतं, संपत."

आठवडाभरात त्यांनी घराला कुलूप लावलं आणि मुलीकडे राहायला निघाले. गाठोडं घेऊन मी फाट्यापर्यंत गेले. रस्त्यात कोणी ना कोणी हात जोडत होतं, बसा म्हणत होतं. बाबा थांबले नाहीत. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "बाबा, आता सारं गाव तुमचं मानतं."

"मानते वं माय," ते म्हणाले. "पन आता दाखवाले काई राह्यलं नाही."

एसटी आली. ते चढले, खिडकीशी बसले. बस सुटेपर्यंत मी हात धरून उभी होते, आणि ते माझ्या डोक्यावरून पलीकडे, उघड्या डोंगराकडे पाहत होते.