केरबाशेठचं हक्कसोडपत्र

आता काय काय सांगू तुम्हाला? अकरा वर्षं मी टीव्हीवर लोकांच्या जमिनी लाटतोय, पण खऱ्या आयुष्यात मला स्वतःची जमीन साधी देतासुद्धा आली नाही. घ्या, चहा घ्या. तुम्हाला हसू येईल. मला अजून येत नाही, कारण यंदाची भाऊबीज कोरडी गेली आणि माझी सख्खी बहीण माझा फोन उचलत नाही.

माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. नेकनूरजवळच्या आमच्या गावातून मी मुंबईला गेलो तो हिरो व्हायला. पहिल्याच ऑडिशनला तिथल्या बाईंनी माझ्या भुवया बघितल्या आणि विचारलं, "खून करता येईल का?" म्हटलं, शिकेन. मग काय, आधी 'गुंड नंबर तीन', मग लाचखाऊ सरपंच, मग सुनेचा छळ करणारा सासरा. तेव्हा माझं वय बत्तीस होतं आणि लग्नही झालेलं नव्हतं. ते पुढंही झालं नाही. सासऱ्याला पोरगी कोण देणार?

आणि गेली चार वर्षं मी केरबाशेठ आहे. केरबाशेठ म्हणजे विधवा भावजयीचं रान गोड बोलून लिहून घेणारा दीर. रोज संध्याकाळी साडेसातला. त्या वेळेला आमच्या गावात पारावर कुत्रंसुद्धा नसतं, सगळे मला शिव्या द्यायला घरात बसलेले असतात.

एकदा नेकनूरच्या बाजारात एका बाईनं मला मेथी विकली नाही. "आधी भावजयीचं रान वापस कर," म्हणाली. अशा शिव्या म्हणजे आपल्याला मिळालेला पुरस्कार, असं आमच्या धंद्यात म्हणतात. मी तो पुरस्कार घेऊन भाजीशिवाय घरी आलो.

पण बाजाराचं सोडा. बहिणीचं वेगळं असतं.

मंगल माझी धाकटी, तलवाड्याला दिलीय. ती आणि आमचे दाजी दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने कारखान्याच्या माळावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायचं, पहाटे उठून कोयता हातात घ्यायचा. इकडे आमचं वडिलांच्या मागचं तीन एकर रान विहिरीसकट पडून. सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं. मी मुंबईत, मला काय करायचंय त्याचं? ठरवलं, माझा हिस्सा मंगलला देऊन टाकायचा. विहिरीला पाणी आहे, दोघं घरी राहतील, तिचा कोयता सुटेल. उभ्या जन्मात असा चांगला विचार मला एकदाच सुचला. त्याची मी कशी माती केली ते ऐका.

मी तिला आधी काही सांगितलंच नाही. म्हटलं, ऐनवेळी सांगू आणि तिचा चेहरा बघू. नुसता फोन केला, "मंगल, सोमवारी बीडला ये. आधार कार्ड आण. एक सही करायचीय."

ती म्हणाली, "कशाची?"

"तू ये तर खरी. आन् दाजींना आणू नको. कावून उगं त्यांचा खाडा करायचा?"

बघा, तुम्हालाही ऐकताना कसंतरी वाटलं ना? मला नाही वाटलं. चार वर्षं अशीच वाक्यं बोलून माझे कान मेलेत.

वर मी साडी घेतली. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करून माहेरच्या रानावर पाणी सोडायचं आणि भावानं तिला साडीचोळी करायची. मी आपली आनंदानं घेतली होती, हिरवी, जरीच्या काठाची. पण काखेत साडीचा बॉक्स, हातात दस्त आणि रजिस्ट्री ऑफिसच्या दारात उभा केरबाशेठ, हे लोकांना कसं दिसेल ते माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

दस्त तिथल्याच एका बाँड रायटरनं केला होता. मी त्याला फोनवर सांगितलं होतं, "काका, हक्कसोडपत्र करायचंय. बहीण-भाऊ आहोत." तो म्हणाला, "बास, समजलं. असे लई केलेत." मी नावं पाठवली, गट नंबर पाठवला, विषय संपला.

कागद मी वाचला का? अहो, अकरा वर्षं मी कागदावर फक्त माझं नाव शोधतो. बाकीच्यांचं काय लिहिलंय ते बाकीचे बघतात. जिथं माझं नाव दिसलं तिथं सही ठोकली आणि साक्षीदार शोधायला निघालो.

चहाच्या टपरीजवळ एक भला माणूस दिसला. म्हटलं, "पाव्हणं, साक्षीला एक सही देता का?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "न्हाई बा. मागल्या साक्षीदाराला तुमी हिरीत लोटलं."

"अहो, ती मालिका होती."

"मालिकेतच एवढं करता, मग हितं काय करताल?"

एवढ्यात तलवाड्याची गाडी येऊन गेली होती आणि मंगल समोर उभी होती. मी हसून तिच्यापुढं पेन धरला. माझं हसणं असं आहे की एका बाईच्या कडेवरचं लेकरू भोकाड पसरून रडायला लागलं. पंधरा-वीस माणसं गोळा झाली. त्यातली एक म्हातारी मंगलचा हात धरून म्हणाली, "बाई, अंगठा देऊ नको. ह्यो कोन हाय ठावं न्हाई का तुला?"

"माझा भाऊ हाय," मंगल म्हणाली. ते ती ज्या आवाजात म्हणाली, त्यानं मला भरून आलं.

"भाऊ असंल. तरी वाच आदी."

मी छाती पुढं काढली. म्हटलं, बरं झालं, सगळ्या बीडला कळू दे. "वाच, मंगल. मोठ्यानं वाच."

मंगल दहावी झालीय. बोट ठेवून वाचू लागली. "लिहून घेणार," आणि माझं नाव. "लिहून देणार," आणि तिचं नाव. "सदर मिळकतीमधील माझा संपूर्ण हक्क व हिस्सा मी माझ्या भावाच्या लाभात, राजीखुशीने, कायमचा सोडून देत आहे."

मी तसाच बाँड रायटरकडं धावलो. "काका, हे उलटं झालंय. मी देतोय, मी."

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "भाऊ देतोय?"

"हो."

"बहिणीला?"

"हो, हो."

"असं कोन करतंय? माझं उभं आयुष्य गेलं हितं, असला दस्त म्या केला न्हाई. तुमी आदी सांगायचं न्हाई का?"

सांगायचं होतं. लोक खो खो हसले. मंगल हसली नाही. तिनं कागदाची नीट घडी घातली आणि साडीच्या बॉक्सवर ठेवली. "दादा, मागितलं असतंस तर दिलं असतं मी. फसवायचं कावून?"

आणि ती स्टँडकडं निघाली. मी मधे आडवा झालो, तिथंच पायरीवर बसलो आणि रडलो. खरं रडलो हो, तुमच्या गळ्याशपथ. नाकाडोळ्यांतून पाणी, हात जोडलेले. "मंगल, आईची शपथ, ते रान मी तुलाच द्यायला आलतो. उद्या दुसरा कागद करू. एवढा एकदा इश्वास ठेव माझ्यावर."

ती थांबली. मला वाटलं, विरघळली.

"असाच रडलतास तू," ती हळूच म्हणाली. "भावजयीला घराभाईर काढलंस ना, त्याच्या आदल्या दिवशी. आईची शपथबी हीच घेतलती. मी आन् हे बघत हुतो. मला लई रडू आलतं."

आता इथं कुठल्याही शहाण्या भावानं काय केलं असतं? बहिणीचे पाय धरले असते. निदान तोंड बंद ठेवलं असतं. मी नाक पुसलं, वर बघितलं आणि विचारलं,

"तो सीन मी एका टेकमधे दिलता. खरंच रडू आलतं तुला?"