गज तीन बोटं कमी

त्याचं खरं आडनाव क्लबातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. ठासणीच्या बंदुका उडवणाऱ्यांचा तो क्लब. मैदानावर जमायचं, नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वरून गोळी सोडायची, गजाने ठासायची, आणि एक बार काढायला पाच मिनिटं घालवायची, असा सगळा हौशी कारभार. तिथे याचं काम एकच, लोकांना थांबवणं. "थांबा, नळी गरम आहे, लगेच दारू ओतू नका." "थांबा, बार फुसका गेलाय, मनात साठ मोजा, मग हलवा." इतकं थांबा थांबा झालं की जुने लोक त्याला थांबे म्हणायला लागले. नव्यांना ते आडनावच वाटलं, आणि एकदा सभेची नोटीसही श्री. थांबे यांच्या नावाने निघाली. त्याने ती घरी नेली, आणि तिथेही तेच नाव पडलं.

तीस वर्षं त्याने लिफ्टा दुरुस्त केल्या होत्या. आठव्या मजल्याच्या पोकळीत लोंबकळून दोरखंड चाचपणारा माणूस, भीती त्याच्या अंगवळणी पडलेली. ती पाळूनच तो धडधाकट निवृत्त झाला होता. पुढे मागच्या खोलीत त्याने शेगडा, म्हणजे वस्तू घट्ट धरणारी लोखंडी पकड, मांडला, कपाटात मेणाच्या वड्या आणि चिंध्या रचल्या, आणि लोकांच्या जुन्या बंदुका साफ करून द्यायला लागला. गरम पाण्याने नळी धुतली की खोलीभर सडक्या अंड्यांचा वास सुटायचा. बायको म्हणायची, "तुझी हौस नाकाला कळते." बंदूक मोडकी असो, चाप तुटलेली असो, भिंतीवर गंजलेली असो, तिच्या तोंडापुढून तो कधी जायचा नाही. वळसा घालायचा. लोक हसायचे. हसू द्यायचा.

त्या रविवारी थोरल्या बहिणीच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. एक वाजता जेवण, त्याआधी फोटो. बायको मदतीला सकाळीच गेली होती. हा म्हणाला, क्लबातल्या एकाची बंदूक तेवढी हातावेगळी करतो आणि येतो. बरोबर बारा वाजता त्याने ती शेगड्यात आडवी बसवली आणि पितळी गज नळीत सोडला.

हा गज त्याचा स्वतःचा. त्यावर कानशीने एक खूण घासलेली. या साच्याच्या बंदुका सगळ्या एका मापाच्या असतात. नळी रिकामी असेल तर गज थेट बुडाला टेकतो आणि खूण नळीच्या ओठाशी येते. आत जुना बार पडून असेल तर गज अलीकडेच अडतो, खूण वर राहते.

आज खूण ओठाशी थांबली नाही. ती आत गेली. तीन बोटं आत.

त्याने गज बाहेर काढून पाहिला. टोकाला आट्यांनी बसवलेला पितळी तुकडा नव्हता. बुधवारी त्याने तो काढून तिथे तारेचा ब्रश लावला होता, मग ब्रश काढला, आणि तुकडा परत लावायचा राहून गेला. तो ब्रशाच्या डबीत पडला होता, तीन बोटं लांबीचा. याला स्वतःच्या विसरभोळेपणाचं हसू आलं, आणि ते तोंडावरच विरलं.

बुधवारनंतर या गजाने त्याने एकच बंदूक मोजली होती. गुरुवारी, बहिणीच्या घरी, भावजींच्या आजोबांची, याच साच्याची, जिन्यात टांगलेली. तिची खूण बरोबर ओठाशी आली होती. गज तीन बोटं कमी होता, तरी खूण ओठाशी. म्हणजे तिच्या बुडाशी तीन बोटं काहीतरी होतं.

आणि तो म्हणाला होता, "रिकामी आहे."

एरवी तो खुणेवर विसंबायचा नाही. नळीच्या तोंडाशी गजावर अंगठा दाबायचा, गज तसाच बाहेर काढून नळीवर आडवा ठेवायचा आणि तो बुडापर्यंत पोचतो का ते डोळ्यांनी बघायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. पण गुरुवारी ताटं वाढली होती, आणि ताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली होती, "लहानपणी झोपायच्या आधी पलंगाखाली तीनदा बघायचा. अजून बघतोच आहे. ये रे, कुणी नाही आत." सगळे हसले होते. तो साठीचा माणूस लाजला होता आणि गज पिशवीत घातला होता.

वर आणखी एक केलं होतं. भावजींना फोटोच्या वेळी गंमत करायची होती. चाळीस वर्षं हिच्यापुढे आवाज निघाला नाही, तो फोटोत एकदा काढतो म्हणे. ताई खुर्चीवर बसणार, भावजी समोरून तिच्यावर बंदूक रोखणार आणि नुसती टोपी उडवणार. टोपी म्हणजे तांब्याची इवलीशी वाटी, पेन्सिलीच्या टोकावर बसेल एवढी. नळीच्या बुडाशी चोच असते, तिच्यावर ती बसवायची. घोडा आपटला की फट्ट वाजते. बंदूक रिकामी असेल तर तेवढंच. भरलेली असेल तर तीच ठिणगी चोचीतून दारूपर्यंत जाते. अशा तीन टोप्या यानेच काडेपेटीत घालून दिल्या होत्या. चोचीत तेलाचे दोन थेंबही सोडले होते, गंज चढू नये म्हणून.

त्याने फोन लावला. भावजींनी उचलला. मागे पाहुण्यांचा गलका.

"भावजी, बंदुकीला हात लावू नका."

"का हो मेव्हणे? तुम्हाला विचारूनच लावलाय."

"ती भरलेली आहे."

"गुरुवारी रिकामी, रविवारी भरलेली. मधे उठून जेवून आली का?"

"माझं चुकलं. गज तोकडा होता. ऐका माझं, भावजी."

"ऐकलंत का रे सगळ्यांनी? थांबे म्हणतात, थांबा," भावजी खोलीला उद्देशून म्हणाले. हशा पिकला आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला, वाजत राहिला. ताईचा लावला, बायकोचा लावला, तेही नुसते वाजले. पिशवीत हाताला लागेल ते कोंबून तो गाडीकडे धावला.

अकरा मिनिटांची वाट, चार सिग्नल. पहिल्या दोन सिग्नलांना तो नियमाने थांबला. गोळी केवढी असते ते त्याला ठाऊक होतं, असल्या शेकडो त्याने ओतल्या होत्या. मैदानावर तिने फळीला काय होतं तेही ठाऊक होतं. फळीच्या जागी त्याला काही आणायचं नव्हतं, पण ताईची हिरवी साडी येत होती. ती हिरवीच नेसणार, हे तिने गुरुवारी सांगितलं होतं. वर्षानुवर्षं पडलेली दारू मेली असेल, असं त्याने स्वतःला समजावून पाहिलं. पण कोरडी राहिली तर दारू मरत नाही, हे तोच क्लबात नव्यांना शिकवायचा. तिसरा सिग्नल लाल होता. तो थांबला नाही.

दार उघडंच होतं. आत फट्ट वाजलं.

तो उंबऱ्याशी खिळला. मग हशा ऐकू आला, आणि त्या हशात ताईचाही आवाज होता.

दिवाणखान्यात पाहुणे भिंतीला लागून उभे होते. ताई खुर्चीवर, हिरव्या साडीत. दहा पावलांवर जिन्याच्या तळाशी भावजी, हातात बंदूक.

"या, थांबे. दोन टोप्या उडवल्या. एक सरावाला, एक आत्ता. बघा, तुमची ताई जिवंत आहे. फोटोवाल्याचं मेलं बटण वेळेवर दाबलं गेलं नाही, म्हणून आता तिसरी," भावजी म्हणाले. टोपी चोचीवर बसली होती. त्यांनी घोडा मागे ओढला.

खोलीत एकट्या त्यालाच कळत होतं की दोन टोप्यांनी काय केलंय. गुरुवारच्या तेलाने चोच तुंबली होती, म्हणून ठिणगी आत गेली नव्हती. पहिल्या टोपीने थोडं तेल जाळलं, दुसरीने उरलेलं. वाट आता मोकळी होती. हे समजावून सांगायला चार वाक्यं लागली असती. ओरडावं तर दचकून बोट वळणार. धावून जावं तर भावजी बंदूक चुकवायला जाणार, त्यांचा स्वभावच तसला.

तो चालत गेला आणि ताईच्या पुढ्यात, नळीच्या तोंडासमोर उभा राहिला.

"सरका हो मेव्हणे, फोटो अडतोय," भावजी हसत म्हणाले.

याला बोलायचं होतं. पण डोळे त्या काळ्या भोकावरून हलत नव्हते.

ताईने खालून त्याची पाठ पाहिली. शर्ट घामाने चिकटलेला. तिचं हसणं बंद झालं. मोडक्या बंदुकीलाही वळसा घालणारा आपला भाऊ कुठे उभा आहे, हे तिच्या ध्यानात आलं.

"अहो," ती एवढंच म्हणाली. चाळीस वर्षांत भावजींनी तो आवाज फार तर दोनदा ऐकला असेल. त्यांचं हसू गेलं.

"बोट बाहेर," हा कसाबसा म्हणाला. "चापापासून लांब. नळी जिन्याकडे वळवा. हळू."

भावजींनी वळवली. बाजूने जाऊन त्याने बंदूक हातात घेतली, मागच्या अंगणात नेली, तोंड मातीच्या ढिगाकडे केलं आणि नखाने टोपी उपसून काढली. नळीत तांब्याभर पाणी ओतलं आणि बराच वेळ मुरू दिलं. मग फिरकीचा गज, टोकाला रुतणारं मळसूत्र असलेला, घालून ओढायला लागला. आधी कुजक्या चिंधीचा बोळा आला, मग गोळी, आणि मागून काळं पाणी. गोळी फरशीवरून घरंगळत ताईच्या पायाशी गेली. तिने ती उचलली, तळहातावर जोखली आणि नवऱ्यापुढे धरली. भावजी पायरीवर बसले. त्यांची बोटं आपोआप एकमेकांत गुंतत होती, सुटत होती.

"टोप्या मीच दिल्या होत्या, आणि रिकामी आहे असंही मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "तू हसलीस म्हणून पुन्हा मोजली नाही."

"माझ्यावर ढकलू नकोस," ताई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मी आयुष्यभर हसत आले तुला. त्या एकाच दिवशी ऐकलंस होय?"

बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. त्याने तो घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

"आता तरी रिकामी आहे ना?" भावजींनी विचारलं.

त्याने तोंड उघडलं. लिफ्टच्या दारात उभ्या माणसांना, क्लबातल्या नवख्यांना, घरोघरच्या लोकांना इतक्या वेळा दिलेली ग्वाही, पण या वेळी शब्द बाहेर येईना. पिशवीतून त्याने गज आणि डबी काढली. तुकडा आट्यांवर बसेना, दोनदा निसटला. ताईने त्याच्या हातातून घेऊन तो घट्ट फिरवून लावला, गज नळीत सोडला, त्याने दाखवलं तिथे अंगठा दाबला आणि बाहेर काढून नळीवर आडवा ठेवला. टोक थेट बुडापर्यंत पोचलं.

"आहे रिकामी," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, गज तिच्याकडून घेतला आणि पुन्हा नळीत सोडायला गेला. भोक सापडेना. पितळ लोखंडावर टकटक टकटक वाजत राहिलं.