धुऱ्याचा फोटो

कसे आहात सगळे? कुसुमताई, गुडघा जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? ढाणकीचे नाना, तुमचा खोकला गेला का पाहुण्यासारखा मुक्कामी बसलाय? आणि मुकुटबनच्या शांताबाई, मोतीबिंदूची पट्टी निघाली असेल तर हे स्वतः वाचा, सुनेला वाचायला लावू नका. माझं म्हणाल तर साखर थोडी वर, दात थोडे खाली... चालायचंच.

तर गेल्या आठवड्यात मी गावात नकळत एक सरकारी योजना आणली. म्हणजे योजना नव्हतीच... पण ऐका.

माझी पुतणी मेघा बेल्जियमला असते. तिचा फोन आला, "मोठेबाबा, आपल्या धुऱ्याचा एक फोटो पाठवा ना!" धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. मी म्हटलं, "बाई, लोकं लेकराचे फोटो मागतात, तुले धुरा कायले पाह्यजे?"

मग तिनं समजावलं. तिकडे शेतकऱ्याला सरकारी पैसा बराचसा जमिनीच्या मापानं मिळतो, म्हणून पुष्कळांनी कडेची झाडंझुडपं काढून टाकली. मेघा आणि तिच्यासोबतची मंडळी म्हणतात, पैसा बंद करू नका, पण तो कड राखणाऱ्याला, पाणथळ जागा सांभाळणाऱ्याला द्या. शनिवारी तिथल्या सभेत ती बोलणार होती. धुरा ठेवूनही शेती होते, माझ्या घरी होते, हे तिला दाखवायचं होतं.

हो म्हणून फोन ठेवला, पण पंचाईत होती. कारण धुरा माझ्या आणि रशीदभाईच्या शेताच्या मधात आहे, आणि त्याचं सोयाबीन निघालं तसा त्यानं धुरा सपाट करायला जेसीबी सांगून ठेवला होता. "झुडपं काय पोसता भाऊ, डुकरं लपतात त्यात! चण्याचे चार तास जास्त बसतीन." चार तास म्हणजे पेरणीच्या चार ओळी, त्याचंही खोटं नव्हतं.

संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन बसलो. आमच्या लहानपणी तो केवढा रुंद होता... बैलजोडी वळवायला जागा लागायची ना. दुपारी आमचे बाबा आणि रशीदचे अब्बा तिथल्याच पळसाखाली शिदोरी सोडायचे, आमची अंबाडीची भाजी तिकडे जायची, त्यांचं लोणचं इकडे यायचं.

आम्ही दोघं बोरीवर चढायचो. काटे टोचले की रशीदची अम्मी दोघांचेही काटे बाभळीच्या काट्यानं काढायची, आणि ओरडलो तर दोघांनाही एकेक धपाटा... कापसाच्या पहिल्या वेचणीला आई सीतादहीचा, म्हणजे शेताच्या पूजेचा, दहीभात तिथेच ठेवायची. आम्ही घराकडे वळलो की मुंग्या आणि साळुंक्या जेवायला बसायच्या.

मग ट्रॅक्टर आले. गावातले धुरे बारीक होत होत नुसती रेघ उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढायला गेलो. नुसत्या झुडपाची उंची काय कळणार, म्हणून रशीदभाईला हाक मारली, "जरा उभा राह्य रे तिथं." तो काही न विचारता उभा राहिला. सदऱ्याची वरची गुंडी लावली, हात सरळ सोडले. मला तेव्हाच कळायला हवं होतं...

आमच्याकडे शेतात उगाच कोणी फोटो काढत नाही. विहीर मिळाली, फोटो. तुषार संच मिळाला, फोटो. मालकानं बाजूला उभं राहायचं, की झाली योजना!

दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर बातमी, "धुऱ्याले अनुदान आलं!" सिंधूबाईनं मला रस्त्यातच गाठलं, "आमचा फोटो काहून नाही काढला? आमचा धुरा का सावत्र हाये?" गजाननानं तर कधीच धुरा सपाट केला होता, तो बोरीच्या फांद्या तोडून रेघेवर रोवून राह्यला होता. आणि रशीदभाईनं जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगितलं.

मी गप्प राहिलो असतो तर धुरा वाचला असता. पण रशीदभाई न आलेल्या पैशाची वाट पाहत बसणार, हे काही मनाला पटेना. रविवारी टपरीवर सगळं खरं सांगून टाकलं. पैसा बेल्जियमचा, आणि तिथंही अजून भांडणच चालू आहे.

हशा झाला. कोणीतरी म्हणालं, "गजानना, त्या काट्यायले पाणी टाक बापा, बेल्जियमचा साहेब येईन पाहाले!" रशीदभाई मात्र हसला नाही. अर्धा चहा तसाच ठेवून उठून गेला. मी मनात म्हटलं, संपलं...

सोमवारी शेतात गेलो तर तो पळसाखाली उभा. "भाऊ, थो फोटो पोरीनं दाखवला काय तिथं?"

"दाखवला ना. हे आमचे रशीदचाचा, असंही सांगितलं म्हणे."

त्यानं झुडपांकडे हात केला. "मंग आता कसा पाडू? ती चार लोकांत सांगून राह्यली का आमच्या घरी धुरा हाये. मी जेसीबी लावला तं पोरगी खोटी पडते ना."

"अन् डुकरं?"

"डुकरं हाकलू दोघं मिळून. तुमाले रातची झोप कुठं येते तशीही!"

मेघाचं म्हणणं मला आता जास्तच पटतं. जे सगळ्यांच्या उपयोगाचं, ते राखणाऱ्याला सगळ्यांच्या पैशातून काहीतरी मिळावं. रशीदभाईचे ते चार तास काही फुकटचे नाहीत... तिकडचं सरकार ऐकेल की नाही, देव जाणे. इकडे तूर्तास एका माणसानं ऐकलं.

तुमच्याकडे एखादा धुरा अजून उभा असेल, तर तो कोणाच्या शब्दावर उभा आहे, तेवढं लवकर लिहा. मी वाट पाहतो.