बाईंच्या तोंडी घातलेलं वाक्य

रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत मावशीचं शिवणकामाचं दुकान होतं. नवे कपडे ती क्वचितच शिवायची. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं, असली कामं. बहीण गेल्यावर तिची लेक मावशीनंच वाढवली. पोर गणितात अशी बुडालेली असायची की शेजारी दूध उतू गेलं तरी पत्ता नाही. मावशी लाडानं तिला ‘बेरीजबाई’ म्हणायची.

शाळा संपली तेव्हा बेरीजबाईला गणितासाठी दोन विद्यापीठांत प्रवेश मिळत होता. एक गावातलंच, सायकलवर जाण्याजोगं. दुसरं गाडीनं दिवसभराच्या वाटेवर, पण गणितासाठी नावाजलेलं. ठरवण्याआधी दोघी ते बघायला गेल्या.

तिथल्या प्राध्यापक बाईंनी पोरीला फळ्यापाशी बोलावून एक प्रश्न घातला. पोरीनं अर्धा सोडवला. बाईंनी त्यात खोट काढली, तर पोरीनं बाईंच्याच म्हणण्यात खोट काढली. दोघीही हसत सुटल्या. मावशी दाराजवळ बसून बघत होती. भाचीला असं खळखळून हसताना तिनं घरात कधी पाहिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत भाचीनं विचारलं, “मावशी, तुला काय वाटतं? यावं ना मी इथं?”

मावशी बोलून गेली, “तू ग्रंथालय बघायला गेलीस ना, तेव्हा बाई मला म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण इथं टिकायची नाही.”

बाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. चहा घेणार का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

भाचीनं गावातलं विद्यापीठ घेतलं.

सुंठीवाचून खोकला गेला, असं मावशीला वाटलं खरं, पण ते चार दिवसच. भाची दुपारीच घरी यायची आणि मुकाट्यानं गुंड्यांची काजं करायला बसायची. वर्गात ती आताशा तोंडच उघडत नाही, असं तिची मैत्रीण सांगून गेली. पोरीनं आदळआपट केली असती, तर मावशीला बरं वाटलं असतं. उलट मावशीची पाठ धरली की तीच शेकून द्यायची. त्या शेकानं मावशी आतून पोळायची.

वर्ष सरत आलं. एकदा जेवताना भाची म्हणाली, “गणित सोडावं म्हणते.”

“का गं?”

“बाईंना एका भेटीत दिसलं, मी कुठे कमी पडते ते. मी वर्षभर शोधतेय, मला अजून सापडलं नाही. मग काय उपयोग?”

आपण पोरीचं विद्यापीठ तेवढं हिरावलं, असं मावशीला आजवर वाटत होतं.

“बाई काहीच म्हणाल्या नव्हत्या,” ती म्हणाली. “मी रचलं ते. तू गेलीस की घर खायला उठेल, म्हणून.”

भाची उठली. मोरीत हात धुवायला गेली, आणि नळ बराच वेळ तसाच वाहत राहिला. परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी हळू होता.

“‘जाऊ नकोस’ एवढंच म्हणाली असतीस ना, मावशी, तरी मी राहिले असते.”



भाचीनं त्या लांबच्या विद्यापीठात पुन्हा अर्ज केला. त्यांनी तिला घेतलं, पण पहिल्या वर्षापासून सुरुवात करायला लावली. स्टेशनवर मावशीनं बॅग उचलून दिली. भाचीनं वाकून तिला मिठी मारली, मग जरा लवकरच सोडली. आता ती सुट्टीच्या दिवशी फोन करते. काय शिकतेय, कुणाशी वाद घातला, सगळं सांगते. सल्ला तेवढा विचारत नाही.

परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, “आई नसलेल्या पोरीला एवढ्या लांब शिकायला पाठवलंत! तुमच्यासारखं काळीज हवं हो.”

मावशीच्या दातांत टाचण्या होत्या. तिनं त्या काढल्या नाहीत. खाली वाकून ती पँटची दुमड बसवत राहिली.