भिंतीमागे जाळलेला पाला

त्या वर्षी आमची मुलगी बारावीनंतर घरी थांबून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. जानेवारीत तिने क्लासला जाणं बंद केलं. कारण विचारलं की "बघू" म्हणायची. माझ्या नवऱ्याचा मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याचा गाळा आहे. तो पहाटे जायचा, दुपारी येऊन झोपायचा आणि उठल्या उठल्या विचारायचा, "आज गेली का?" मी नाही म्हटलं की त्याचा आवाज चढायचा, मग माझाही. मुलगी आमच्याकडे न बघता जेवायची.

आमच्याच इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाईच म्हणतात. दर रविवारी सकाळी त्या सात-आठ जणांना घेऊन मागच्या टेकडीवर जायच्या. बिबवेवाडीची आमची सोसायटी टेकडीच्या पायथ्याला टेकलेली आहे; मागची भिंत संपली की चढ सुरू होतो. वर गेल्यावर सगळ्यांनी फोन बाईंच्या पिशवीत टाकायचे, आपापली जागा धरायची आणि अर्धा तास गप्प बसायचं. जागा बदलायची नाही. बाईंनी शिट्टी वाजवली की एकत्र यायचं आणि काय दिसलं, आपल्या मनात काय चाललं होतं, ते एकेकानं सांगायचं.

मी मुलीला चल म्हटलं तेव्हा ती नाही म्हणेल असंच वाटलं होतं. ती आली, आणि नंतरही येत राहिली. पण तिची पाळी आली की एकच उत्तर, "काही नाही." लोक मुंग्यांबद्दल बोलायचे, एका गृहस्थांना वडिलांची आठवण येऊन रडू आलं होतं, आणि माझी मुलगी मात्र "काही नाही." मला लाज वाटायची. एकदा उतरताना मी म्हटलं, "खोटं का होईना, काहीतरी सांगावं."

"खोटं सांगायला घरी बसले असते," ती म्हणाली.

मार्चअखेरीचा रविवार होता. गवत वाळून कडक झालं होतं. मी माझ्या नेहमीच्या जागी, गिरिपुष्पाच्या झाडाखाली बसले होते. मुलगी बरीच वर, उघड्या मुरमाच्या तुकड्याकडे गेली होती. तिथून ती मला दिसत नसे. बसल्यावर थोड्या वेळाने धुराचा वास आला. मी उठले नाही. सोसायटीच्या भिंतीमागे माळी झाडलोटीचा पाला जाळायचा, त्यामुळे तो वास आम्हाला रोजचाच होता. मी तर डोळे मिटून घेतले.

मग कडकड ऐकू आली. डोळे उघडले तर भिंतीकडून आगीची बुटकी रांग गवतातून वर सरकत होती आणि वाऱ्याने मध्येच उसळत होती. बाईंची शिट्टी वाजली, पुन्हा पुन्हा वाजत राहिली. सगळे पायवाटेवर जमले. मुलगी आली नाही.

मी हाका मारल्या. तिचा फोन बाईंच्या पिशवीत होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही डावीकडून जा, तिकडे खडक आहे. धुरात शिरू नका." मी ओढणी तोंडाला लावून चढू लागले. पाय घसरत होते. वर एक टिटवी घिरट्या घालत कर्कश ओरडत होती, आणि तिच्या आवाजात मुलीचं उत्तर येतंय का, तेच मला कळेना.

मुलगी मुरमाच्या कडेला बसून दोन्ही हातांनी गवत उपटत होती. तळव्यांना रक्त आलं होतं.

"वेड लागलंय का तुला? ऊठ."

"आई, ओरडू नकोस. टिटवीची अंडी आहेत."

मला आधी काहीच दिसलं नाही. मग तिने बोट दाखवलं तिथे खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी दिसली. पाव मिनिटापूर्वी माझा पाय तिथेच पडणार होता.

"चल," मी तिचं मनगट धरलं.

"मी रोज येते इथे. क्लासच्या वेळेला. तू जा."

आग अजून खाली होती, पण धूर आमच्यापर्यंत पोचला होता. मी तिला ओढून नेऊ शकले असते, तेवढी ताकद होती माझ्यात. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाटलं, आज हिला ओढून नेलं तर ही पुन्हा माझ्याशी बोलायची नाही. मी खाली बसले आणि गवत उपटायला लागले. मुरमाच्या कडेची झुपकी काढली, लांब फेकली. खालून बाई ओरडल्या, "आता पुरे! खडकावर या!" तेव्हा मात्र मी तिला दंडाला धरून उठवलं, आणि तीही आली.

खडकावरून आम्ही बघत राहिलो. आग मुरमाशी आली, दोन्ही बाजूंनी निघून गेली आणि वरच्या कच्च्या रस्त्यापाशी मंदावली. आमच्यातल्या तिघांनी गिरिपुष्पाच्या ओल्या फांद्या मोडून ती तिथे झोडपून विझवली. अग्निशमनची गाडी आली ती खालीच थांबली. तिला आमच्या बाजूने वर यायला रस्ता नव्हता.

उतरताना टेकडीवरचा काळा पट्टा सगळ्यांना स्पष्ट दिसत होता. वर रुंद, खाली निमुळता होत होत तो आमच्याच भिंतीमागे, आमच्याच राखेच्या ढिगापाशी संपत होता. आम्ही सगळे दर रविवारी या ढिगाला वळसा घालून टेकडीवर शांत बसायला जात होतो.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. चेअरमननी सुरुवातच केली, "माळ्याला काढून टाकू. विषय संपला." माळी एका खांबाला टेकून उभा होता. माझा नवरा माझ्या शेजारी खुर्चीत होता, सकाळचं कळल्यापासून मुलीशी एक शब्द बोलला नव्हता.

मुलगी मागून म्हणाली, "पाला जाळायला त्यांना कोणी सांगितलं होतं?"

चेअरमननी चष्म्यावरून पाहिलं. "तू सभासद नाहीस."

"मी आहे," मी उभी राहिले. "तिचा प्रश्न माझा समजा."

"तुम्ही टेकडीवर ध्यानाला जाता ना? मग ध्यानात आलं असेलच तुमच्या." दोघेतिघे हसले.

बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आलं म्हणूनच विचारतोय. सांगा, कोणी सांगितलं होतं?"

मग पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा म्हणाले, "आपणच. कमिटीनं. मी होतो तेव्हा कमिटीत."

त्यानंतर भांडण व्हायचं ते झालंच. पाहुण्यांच्या गाड्यांच्या दोन जागा मोडून तिथे पाला कुजवायचा खड्डा करायचं ठरलं, पण ते एका मीटिंगमध्ये नाही. वास येईल, घुशी येतील, गाड्या कुठे लावायच्या, असं दोन महिने चाललं. एका शेजारणीने माझ्याशी बोलणं टाकलं, ती अजून बोलत नाही. माळी राहिला. शेजारच्या सोसायटीत आम्ही सांगायला गेलो, तर त्यांच्या सेक्रेटरींनी गेटवरूनच परत पाठवलं: "आमचा कचरा आम्ही बघू." त्यांचा धूर पुढच्या उन्हाळ्यातही येत होता. त्यानंतर एक दिवस त्यांची दोन माणसं आमचा खड्डा बघून गेली.

टिटवी आगीच्या दुसऱ्याच दिवशी परत येऊन अंड्यांवर बसली. पुढच्या रविवारी मुलीची पाळी आली तेव्हा ती पहिल्यांदाच बोलली. पक्षीण उन्हात कशी उभी राहून सावली धरते, कुत्रं आलं की लंगडल्यासारखं करून त्याला दुसरीकडे कसं नेते, ती सांगत होती आणि मला तिचा आवाज ओळखीचा वाटत नव्हता. शेवटी म्हणाली, "घरी मला सगळे विचारतात. इथे कोणी विचारत नव्हतं म्हणून बरं वाटत होतं." मी मान खाली घालून ऐकलं.

अंड्यांतून पिल्लं निघाली नाहीत. धग लागली असेल, असं बाई म्हणाल्या. टिटवी खूप दिवस बसून राहिली आणि मग एका सकाळी नव्हती. मुलगी मुरमाजवळ बसून रडली. मी पाण्याची बाटली तिच्या शेजारी ठेवली आणि थोडी लांब जाऊन बसले.

एप्रिलअखेरीस एका रविवारी यार्डाला सुट्टी होती तेव्हा नवरा स्वतःहून म्हणाला, "मी पण येतो वर." दोन मिनिटं बसला, मग चुळबुळ करू लागला, मग पिशवीत फोन शोधू लागला. बाईंनी पिशवी मांडीखाली घेतली. शिट्टी झाल्यावर त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "मला काही जमलं नाही. डोक्यात गाळाच होता."

त्याच्यानंतर मुलगी होती. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "बाबा, मला मेडिकलला जायचं नाही. मी परीक्षा देणार नाही."

सगळ्यांसमोर. नवऱ्याच्या कानशिलावरची शीर मला दिसत होती.

"घरी बोलू," तो म्हणाला.

घरी गेल्यावर बोलणं झालं. आवाज चढले, त्याचा, माझा आणि तिचाही. वर्ष वाया गेलं, लोक काय म्हणतील, पुढे काय करणार, सगळं निघालं. तिच्याकडेही सगळ्याची उत्तरं नव्हती, आणि ते तिने कबूल केलं. त्या दिवशी ठरलं काहीच नाही. पण संध्याकाळ झाली, मी दिवा लावला, तरी तिघंही त्याच खोलीत बसून होतो.