उसने डोळे

ब्राझीलमधल्या जुआझेरोच्या बाजारामागच्या गल्लीत लिंडालवाचं दुकान होतं. तिथे मेलेली माणसं डोळे उघडायची. तिचा बाप हेच काम रंग आणि ब्रश घेऊन करायचा, ती कॉम्प्युटरवर करायची. आमच्याकडे गरिबाचा फोटो जिवंतपणी काढायचं कुणाला सुचत नाही. तो शवपेटीत निजला की मग सगळ्यांना एकदम प्रेमाचा उमाळा येतो. विधवा तो एकुलता एक फोटो रुमालात गुंडाळून आणायची आणि म्हणायची, "कोट घाल, टाय लाव, आणि डोळे तेवढे उघड गं बाई. झोपलेला नवरा भिंतीवर कोण टांगतं?"

देओदातो गेला आणि त्याची बायको दोना नाझारे, म्हणजे नाझारेबाई, असाच फोटो घेऊन आली, तेव्हा लिंडालवा नवीन होती. डोळे आणायचे कुठून? तिने आपल्या नवऱ्याला, एरिवानला, उजेडात दारात बसवलं आणि त्याचा फोटो काढला. मधाच्या रंगाचे डोळे, डावी पापणी जराशी कललेली.

पुढचं काम सोपं होतं. कॉम्प्युटरवर दोन वर्तुळं एकमेकांवर चढवायची आणि दोन्हींत सामाईक तेवढाच तुकडा ठेवायचा, की बदामाचा आकार मिळतो. तसाच दुसरा बदाम करायचा, दोन्ही जोडून एक आकार करायचा आणि त्याचा मास्क बनवायचा. मास्क म्हणजे भोकं पाडलेला पडदाच. तो एरिवानच्या फोटोवर टाकला की सगळा एरिवान झाकला जायचा आणि भोकांतून डोळे तेवढे दिसायचे. तेच देओदातोच्या मिटल्या पापण्यांवर नेऊन ठेवायचे.

एरिवान मागे उभा राहून बघत होता. "माझ्यासाठी एक जोडी शिल्लक ठेव हं," तो म्हणाला.

"तू कशाला मरतोस? तुला मारायचा मान माझा आहे."

तसबीर बघून दोना नाझारेला हुंदका फुटला. "हाच बघ तो! पिऊन आला की अस्साच बघायचा मेला माझ्याकडे!"

एवढी पावती मिळाल्यावर दुसरे डोळे कोण शोधतो? लिंडालवाने आळस केला, स्पष्टच सांगायचं तर. जो पुरुष येईल त्याला एरिवानचे डोळे. कुणाचं दुःख थोडं गडद असलं तर ती रंग थोडा गडद करायची, इतकंच. अर्ध्या वस्तीच्या भिंतींवरून एरिवान बघू लागला, आणि कुणाला पत्ता नव्हता.

खुद्द एरिवान मात्र एव्हाना साओ पावलोला होता. आमच्याकडचे पुरुष दुसऱ्यांच्या इमारती बांधायला तिकडे जातात. तो वर्षातून एकदा यायचा, पुढे तेही राहिलं. त्याची आई दोना किटेरिया रोज संध्याकाळी दोना नाझारेकडे जपमाळ ओढायला जायची आणि देओदातोच्या तसबिरीखालीच बसायची.

मग एक दिवस एरिवान परांचीवरून पडला. पेटी आली ती खिळे ठोकूनच, वर ताकीद, उघडू नका. आईने पेटीवर डोकं आपटलं, पण पोराचं तोंड तिला दिसलं नाही ते नाहीच.

"मला त्याचं तोंड दाखव," ती लिंडालवाला म्हणाली. "सातव्या दिवशी चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा होईल, त्याच्या आत. एवढं एक कर माझ्यासाठी, पुन्हा काही मागणार नाही."

लिंडालवाकडे त्याचा धड फोटो एकच होता, दारात बसवून काढलेला. तिने तो उघडला आणि दिवसभर त्याच्यासमोर रडली. या फोटोत डोळे बसवायचे नव्हते, ते त्याचेच होते. तिने फक्त कोट घातला, कारण कोटाशिवाय मेलेला माणूस आमच्या भिंतीवर चढत नाही. तसबीर चौकटीत घालून ती सासूकडे घेऊन गेली. दोना नाझारेही तिथेच बसली होती.

दोना किटेरियाने तसबीर हातात घेतली, उजेडात नेली, परत आणली.

"तोंड त्याचं आहे," ती म्हणाली. "डोळे देओदातोचे आहेत."

"नाही, आई."

"मला शिकवू नकोस! रोज त्यांच्याखाली बसते मी. लोकांच्या मेलेल्यांना उसने घातलेस, घाल बाई, तुझा धंदा आहे. पण माझ्या पोरालासुद्धा? तुझ्या स्वतःच्या नवऱ्याला?"

दोना नाझारे वाकून बघू लागली. "अगं बाई, हो की! हे माझ्या देओदातोचेच. ही पापणी बघ ना. लिंडालवा, दुसरे नव्हते का गं तुला?"

लिंडालवाने तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. पण समोर बसलेली दोना नाझारे रोज दिवेलागणीला भिंतीवरच्या त्या डोळ्यांना दिवसभराचं सांगते, हे तिला ठाऊक होतं. ते वाक्य बोललं की देओदातोचे डोळे पुन्हा मिटणार, आणि मग घरोघर मिटत जाणार.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"मिटलेले डोळे दे मला," दोना किटेरिया म्हणाली. "झोपाळ्यात निजायचा ना लहानपणी, ते तोंड पाठ आहे मला. तेवढंच उरलंय."

एरिवानचा झोपलेला फोटो कुणी काढला होता? लिंडालवाने देओदातोची जुनी फाइल उघडली. मास्क झाकतो, पुसत नाही. वरचे डोळे काढले तशा खाली शवपेटीतल्या पापण्या होत्या तशाच निघाल्या. तिने दोन वर्तुळं घेतली, सामाईक तुकडा ठेवला, बदामाला बदाम जोडला. या वेळी भोकांतून देओदातोच्या पापण्या दिसल्या. त्या तिने नवऱ्याच्या डोळ्यांवर ठेवल्या, आणि एरिवान दिसेनासा झाला.

"हा माझा," म्हणत आईने काचेचा मुका घेतला. मिस्सेच्या आधी तसबीर भिंतीवर लागलीसुद्धा.

लिंडालवा त्या भिंतीकडे बघत नाही. फारच जीव तुटला की ती दोना नाझारेकडे जाते, कॉफी हातात घेऊन देओदातोसमोर बसते आणि कॉफी निवली तरी उठत नाही.

"काय गं," दोना नाझारे एकदा म्हणालीच, "माझ्या नवऱ्याकडे इतकं काय बघतेस?"