सनाच्या पाठीमागची डफली

परवा बारामतीच्या बाजारात एका दुकानदारानं लहान मुलांची डफली वाजवून दाखवली आणि मी मनानं वरकुट्याच्या बालवाडीत जाऊन पोहोचले.

तिथं मी तीन-चार वर्षांच्या मुलांची गाणी आणि नाच घ्यायचे. सना सगळ्यांत छान नाचायची. एके दिवशी गंमत म्हणून मी मुलांच्या डोळ्यांना रुमाल बांधून डफली वाजवली. सगळी नाचू लागली, सना मात्र जागच्या जागी उभी राहिली. आजवर ती इतरांकडं बघूनच नाचत होती.

तिची आई रेश्मा तिला न्यायला आली, तेव्हा मी हळूच म्हटलं, "सनाला ऐकू येत नसावं."

"न्हाय बाई, येतं तिला ऐकू. थांबा, दावते."

तिनं माझ्या हातातली डफली ओढून घेतली आणि सनाच्या पाठीमागं उभी राहून बडवायला लागली. "सना! ए सना! बघ की गं माज्याकडं!" तळहात लाल झाला तरी ती थांबेना. त्या आवाजानं समोरच्या मुलांनी कानांवर हात ठेवले. त्यांना बघून सनानंही हसत हसत आपले कान झाकले.

"बघितलं का बाई? आलं ऐकू!" रेश्मा रडत रडत म्हणाली.

मी कशीबशी मान डोलावली. "तरी उद्या बारामतीला कानाच्या डॉक्टरांना दाखवू," म्हटलं.

"व्हय," ती लगेच म्हणाली.

तेव्हा मला वाटलं, हिला काहीच कळलं नाही. आज वाटतं, मुलीला ऐकू येतं अशी खरंच खात्री असलेली आई इतक्या पटकन व्हय म्हणत नाही.